रोगाच्या मुळाशी गेलेला राजा

2 एप्रिल 1894 रोजी कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती आला, तेव्हा छत्रपती शाहू महाराज अवघे 19 वर्षांचे होते. घडी बसते न बसते तोच 1896-97 चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला.

दुष्काळात माणसे केवळ भुकेने मरत नाहीत. पोटात अन्न नसले की रोगप्रतिकारशक्ती खालावते. एरवी निभावून गेला असता असा गोवर किंवा हगवणही जीव घेते आणि आधी दगावतात ती लहान मुले. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांच्या चाऱ्यासाठी संस्थानची जंगले खुली केली. दुष्काळी कामांवर येणाऱ्या मजूर बायांच्या मुलांसाठी शिशुगृहे काढली. प्लेगच्या दिवसांत लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात; त्यामुळे घर सोडणे हाच मोठा बचाव होता.

पण हे सारे संकट आल्यानंतरचे उपचार. दुष्काळ पुन्हा आला तर? या प्रश्नाचे उत्तर महाराजांनी शेतात शोधले. 1895 मध्येच वसवलेल्या शाहूपुरीत पुढे गुळाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. 1902 मध्ये त्यांनी संस्थानाचे पाटबंधारे धोरण आखून विहिरी-तलावांची पाहणी करवली. काही वर्षांतच भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. पन्हाळा परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झाले. 1912 मध्ये किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. नवी अवजारे आणि सुधारलेल्या पद्धती शेतकऱ्यापर्यंत पोहोचाव्यात, हा तिचा हेतू होता.

धरणाचे काम मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशांअभावी रखडले. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय होते 47. पूर्ण झालेले धरण त्यांना पाहता आले नाही. ते बऱ्याच वर्षांनी पुरे झाले.

आज शेंडा पार्कमध्ये विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे. प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रही कोल्हापुरातच आहे. उसाचे सुधारित वाण आणि चांगल्या प्रतीचा गूळ हे तिथल्या अभ्यासाचे विषय. गुऱ्हाळात रस उकळताना रासायनिक पावडरीऐवजी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरून मळी काढणे, हा त्यातलाच एक. ही केंद्रे महाराजांनंतर आली. पण शेतीला अभ्यासाची जोड हवी, हा विचार या मातीत त्यांनी आधीच रुजवला होता.

कुपोषित मूल रुग्णालयात येते, तेव्हा डॉक्टरच्या हातात फार थोडे उरलेले असते. त्याचा खरा इलाज काही वर्षे आधी, शेतात पाणी पोहोचण्यापासून सुरू होतो. शाहू महाराजांनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.