बढती मिळाली, पण सिनियॉरिटी नाही! वॉशिंग्टन यांचा लढवय्या जनरल अमेरिकेचा सगळ्यात मोठा गद्दार कसा झाला?

आपल्याकडे फितुरी म्हटलं की सूर्याजी पिसाळाचं नाव निघतं. अमेरिकेत तसंच बेनेडिक्ट अर्नोल्डचं नाव घेतात.

पण हाच अर्नोल्ड एकेकाळी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सगळ्यात धाडसी सेनापतींपैकी एक होता. मग माशी शिंकली कुठे?

औषधविक्या ते जनरल

अर्नोल्डचा जन्म १४ जानेवारी १७४१ चा, कनेक्टिकटमधल्या नॉर्विचचा. न्यू हेवनमध्ये त्याने औषधांचं दुकान थाटलं, मग जहाजांवरून व्यापार सुरू केला.

१७७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटलं आणि अर्नोल्डने दुकान सोडून बंदूक उचलली. मे महिन्यात इथन अ‍ॅलनसोबत त्याने टिकोंडेरोगाचा किल्ला घेतला. तिथेही हुकूम कुणाचा चालणार यावरून दोघांची जुंपलीच होती.

त्याच वर्षी तो मेनच्या जंगलातून क्विबेकवर चालून गेला. वाटेत अन्न संपलं, सैनिकांवर कुत्री आणि बुटांचं चामडं खायची वेळ आली. निघताना साधारण ११०० जण होते, पोहोचले ६०० च्या आसपास. ३१ डिसेंबरचा हल्ला फसला आणि अर्नोल्डच्या डाव्या पायाला गोळी लागली. पण जानेवारी १७७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, त्याला ब्रिगेडियर जनरल केलं.

सिनियॉरिटीचा घोळ

सैन्यात एकाच हुद्द्याचे दोन अधिकारी एकत्र आले, तर ज्याच्या नेमणुकीची तारीख आधीची, त्याचा हुकूम चालतो. त्यामुळे तारखेचा प्रश्न फक्त मानापानाचा नसतो. लढाईत कोण कुणाचं ऐकणार, हे त्यावर ठरतं.

अमेरिकेचं सैन्य तर नवंकोरं होतं. १३ राज्यांतून आलेले अधिकारी, प्रत्येकाची नेमणूक वेगळी. त्यात युरोपातून आलेले अधिकारीही मोठे हुद्दे मागत होते. वॉशिंग्टन अधिकाऱ्यांची मंडळं नेमून हे वाद मिटवायला बघायचे. पण जनरल कोण होणार, हे काँग्रेस ठरवायची.

फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने ठरवलं की जनरल निवडताना ज्येष्ठता आणि कर्तबगारीसोबत कुठल्या राज्याने किती सैन्य दिलं हेही बघायचं. १९ फेब्रुवारीला पाच नवे मेजर जनरल जाहीर झाले. पाचही जण अर्नोल्डला ज्युनियर होते. कनेक्टिकटचे दोन मेजर जनरल आधीच होते, म्हणून अर्नोल्डचा नंबर कापला गेला.

हे ऐकून वॉशिंग्टन यांनाही धक्का बसला. घाईत काही पाऊल उचलू नकोस, असं त्यांनी अर्नोल्डला कळवलं.

एप्रिलमध्ये रिजफील्डच्या चकमकीत अर्नोल्डचा घोडा त्याच्या खालीच मारला गेला, तरी तो लढत राहिला. काँग्रेसने खूश होऊन त्याला मेजर जनरल केलं, नवा घोडाही दिला. जुनी तारीख मात्र दिली नाही. म्हणजे ते पाच जण त्याच्या वरच राहिले.

जुलैमध्ये त्याने राजीनामा लिहिला. तेवढ्यात इंग्रज फौज उत्तरेकडून खाली उतरली आणि वॉशिंग्टन यांनी त्याला तिकडे मागून घेतलं. राजीनामा बाजूला ठेवून अर्नोल्ड निघाला. तो आघाडीवर असतानाच, ऑगस्टमध्ये काँग्रेसने त्याची मागणी १६ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली.

साराटोगा

साराटोगात वरिष्ठ जनरल गेट्सशी वाजलं आणि अर्नोल्डकडची कमान गेली. तरीही ७ ऑक्टोबरला तो घोड्यावर बसून थेट लढाईत घुसला. पुन्हा तोच डावा पाय जायबंदी झाला. दहा दिवसांनी इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला. या विजयामुळेच फ्रान्सने अमेरिकेच्या बाजूने उतरायचं ठरवलं.

आता कुठे काँग्रेस हलली. जानेवारी १७७८ मध्ये वॉशिंग्टन यांनी जुन्या ज्येष्ठतेसह नवं नेमणूकपत्र पाठवलं. तेव्हा अर्नोल्ड दवाखान्यात पडून होता.

मग गद्दारी का?

त्यानंतर अर्नोल्ड फिलाडेल्फियाचा लष्करी गव्हर्नर झाला. थाटामाटात राहणं, डोक्यावर कर्ज, संशयास्पद व्यवहार, पेनसिल्व्हेनियाच्या नेत्यांशी भांडण आणि शेवटी कोर्ट मार्शल. मे १७७९ पासून तो इंग्रजांशी गुपचूप बोलू लागला. ऑगस्ट १७८० मध्ये वेस्ट पॉइंट हा मोक्याचा किल्ला ताब्यात येताच त्याने तो २०,००० पौंडांना विकायचा सौदा केला. सप्टेंबरमध्ये मेजर आंद्रे हा इंग्रज अधिकारी कागदपत्रांसह पकडला गेला. आंद्रेला फाशी झाली, अर्नोल्ड इंग्रजांकडे पळाला. १८०१ मध्ये तो लंडनमध्ये वारला.

सगळं खापर सिनियॉरिटीवर फोडता येत नाही. गद्दारीच्या वर्षभर आधीच त्याला तारीख परत मिळाली होती. न्यू हॅम्पशायरचा जॉन स्टार्कही १७७७ मध्ये असाच डावलला गेला होता. त्याने राजीनामा दिला आणि घर गाठलं. पण त्याच ऑगस्टमध्ये आपल्या राज्याची फौज घेऊन बेनिंग्टनची लढाई जिंकली. नंतर काँग्रेसने त्याला ब्रिगेडियर जनरल केलं.

अन्याय दोघांवर झाला, वाट मात्र दोघांनी वेगळी निवडली. तरी ज्याने सगळ्यात जास्त रक्त सांडलं, त्याला एका तारखेसाठी अकरा महिने ताटकळत ठेवणं काँग्रेसला शोभणारं नव्हतंच.

साराटोगाच्या मैदानावर आज एका बुटाचं दगडी स्मारक उभं आहे. ते अर्नोल्डच्या जखमी पायाचं आहे. त्याच्या शौर्याचा उल्लेख त्यावर कोरलाय, पण त्याचं नाव कुठेच नाही.