शाहिराचे देणे

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी जेऊर आणि केम मागे टाकून कुर्डुवाडीला पोचली, की बार्शीचा उतारू तेथे उतरून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरील लहानशा डब्यात बसत असे. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. जेऊरच्या दुसऱ्या अंगाला, भीमेच्या पैलतीरी, इंदापूर आहे. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळच अपघातात त्यांचे निधन झाले. जन्मस्थळ आणि मृत्युस्थळ यांच्यातील अंतर फार नाही. परंतु मधल्या बावन्न वर्षांत बार्शीचा हा गरीब मुलगा अवघ्या महाराष्ट्राचा शाहीर अमर शेख झाला होता.

घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. मोटारीवर क्लीनर म्हणून आणि पुढे गिरणीत कामगार म्हणून त्यांनी पोट भरले. गाण्याचा वारसा मात्र आई मुनेरबी यांच्याकडून आला. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते हीच त्यांची पहिली संगीतशाळा होय. स्वातंत्र्याच्या चळवळीत विसापूरचा तुरुंग पाहावा लागला आणि कामगार चळवळीशी नाते जडले. काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसृष्टीच्या आश्रयाला ते राहिले. पण पडद्यापेक्षा मैदान हेच त्यांचे खरे क्षेत्र ठरले.

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. वाटेगावचा मातंग, बार्शीचा मुसलमान आणि गवाणकर, अशी ही त्रयी एकाच डफाच्या तालावर उभी राहिली. शाहिरी ही इतिहासातील पराक्रमाच्या स्मरणासाठीच असते, ही समजूत या मंडळींनी मोडली. गिरणीचा भोंगा, सावकाराचे व्याज, महागाई आणि बेकारी हे त्यांच्या कवनांचे विषय झाले. अर्थशास्त्राच्या ग्रंथांतील जे सिद्धांत सुशिक्षितांनाही जड जातात, ते चाळीतील निरक्षर कामगाराला गाण्यातून सहज उमगत.

त्या आवाजाची खरी कसोटी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. पुढची चार वर्षे सभेआधी शाहिरांचे गाणे आणि मग पुढाऱ्यांचे भाषण, असा जणू परिपाठच पडला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेख यांच्या कंठातून गावोगाव पोचली. मुंबईत राबणारा आणि गावाकडील घरधनिणीच्या आठवणीने व्याकूळ झालेला कामगार, हा तिचा विषय. तिच्यातूनच बेळगाव, कारवारच्या ताटातुटीचे दुःखही प्रकट झाले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. सीमाभाग मात्र बाहेरच राहिला.

‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक छापील रूपात आहे. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटातील त्यांची भूमिकाही पाहावयास मिळते. पण हजारोंच्या समुदायाला ध्वनिक्षेपकाची फारशी पर्वा न करता जागच्या जागी खिळवून ठेवणारा जो शाहीर, तो या साहित्यात कितीसा सापडणार?

१९६९ हे वर्ष या दृष्टीने मोठे क्रूर ठरले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख. अवघ्या अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची लेखणी आणि वाणी दोन्ही मूक झाल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. पुढच्या पिढीतील गायक आणि नट निधन पावले, तरी त्यांची छबी पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसते. लोक हळहळतात आणि ऐकतातही. हे भाग्य या शाहिराच्या वाट्याला आले नाही.

सेवा ही निर्माण होते त्याच क्षणी उपभोगली जाते, तिचा साठा करता येत नाही, असे अर्थशास्त्र सांगते. मैदानातील गाणे ही तशीच सेवा होय. सभा उठली की ते श्रोत्यांच्या स्मरणातच उरते, आणि हे स्मरणाचे भांडारही आता रिकामे होत चालले आहे. १९५६ साली जो विशीत होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे.

मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची गोष्ट होय. जयंतीला तसबिरीस हारही घातले जातात. परंतु हार दुसऱ्या दिवशी सुकतो. आणि ऋण तर बाकीच राहते. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मनावर घेतले, तर हे ऋण अंशतः तरी फेडता येईल. त्याला अनुदान नको, इमारतही नको. विद्यार्थ्यांनी बार्शी, करमाळा, माढा या तालुक्यांतील वृद्धांकडे जावे. कोणती सभा कोठे झाली, कोणते कवन कोणत्या चालीवर गायिले गेले, हे त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्यावे. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. नाही तो केवळ अवधी. ज्या शाहिराने महाराष्ट्राला आवाज दिला, त्याचा आवाज महाराष्ट्राने हरवू द्यावा, यापरता कृतघ्नपणा दुसरा नाही.