माहितीला शिस्त लावणारा गणिती

बँकेत पत्ताबदलाचा अर्ज एकदा दिला, की खात्यापासून कर्जाच्या नोटिशीपर्यंत सर्वत्र नवाच पत्ता दिसावा, ही ग्राहकाची साधी अपेक्षा असते. ती पुरी होण्यासाठी संगणकातील माहिती कशी मांडावी, याला गणिताचा भक्कम पाया दिला तो एडगर फ्रँक कॉड यांनी.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन १९४९ मध्ये ते ‘आयबीएम’ कंपनीत रुजू झाले. मात्र सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेने उद्विग्न होऊन त्यांनी १९५३ मध्ये कॅनडा गाठले. काही वर्षांनी ते अमेरिकेत परतले आणि १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ‘आयबीएम’च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी एकीत एक गुंतवून साठवली जाई. हवी ती नोंद कोणत्या वाटेने सापडेल, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावे लागे. रचना बदलली की प्रोग्रॅमही कोलमडत. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी वेगळा मार्ग सुचवला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते समान मूल्यांनी जोडावेत.

तक्ते निर्दोष ठेवण्यासाठी त्यांनी ‘नॉर्मलायझेशन’ची प्रक्रिया मांडली. पहिली पायरी अशी, की एका चौकटीत एकच मूल्य असावे. पुढच्या दोन पायऱ्या त्यांनी १९७१ मध्ये विशद केल्या. समजा, मागणी क्रमांक आणि वस्तू क्रमांक मिळून एक नोंद ओळखली जाते. त्या नोंदीत वस्तूचे नग शोभतात. वस्तूचे नाव मात्र केवळ वस्तू क्रमांकावर अवलंबून असल्याने ते वेगळ्या तक्त्यात जावे, ही दुसरी पायरी. ग्राहकाचा पत्ता मागणीवर नव्हे, तर ग्राहकावर अवलंबून असतो. म्हणून तो ग्राहकांच्या तक्त्यात जावा, ही तिसरी. अन्यथा एकच पत्ता शंभर ओळींत लिहिला जातो, त्यांतील नव्वदच दुरुस्त होतात आणि खरा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही.

घरचाच हा विचार स्वीकारण्यास ‘आयबीएम’ने मात्र विलंब लावला. जुन्या पद्धतीच्या ‘आयएमएस’ प्रणालीत कंपनीचे व्यापारी हित गुंतले होते. तिच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ आकाराला आली, तिच्यातून ‘एसक्यूएल’ भाषाही जन्मली. पण १९७९ मध्ये बाजारात बाजी मारली ती आज ‘ओरॅकल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने. ‘आयबीएम’चे असे पहिले उत्पादन १९८१ मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार लाभला.

तडजोड हा त्यांचा स्वभाव नव्हता. ‘एसक्यूएल’ही त्यांना आपल्या सिद्धान्ताशी पुरती प्रामाणिक वाटली नाही. जुन्याच मालावर नवे लेबल चिकटवले जात असल्याचे पाहून त्यांनी १९८५ मध्ये कसोटीचे प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक तथ्य एकाच ठिकाणी नोंदवावे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. जिथे तो पाळला जातो, तिथे ग्राहकाला एकाच पत्त्यासाठी दोनदा खेटे घालावे लागत नाहीत.