धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वानांविषयी मी काय लिहिणार? म्हणून ज्यांना शाळेचा लाभ झाला नाही, पण ज्यांनी भल्याभल्या शिकलेल्यांना शहाणे केले, त्या गाडगेबाबांची निवड मी केली आहे.

दुसरेही एक कारण आहे. आपले शहर वाटसरूंचे. वेरूळ-अजिंठा पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात. त्यांच्यासाठी लहानमोठी हॉटेले आहेत, लॉज आहेत. भाडे मोजले की खोलीची किल्ली मिळते. त्यात गैर काही नाही. तो एक धंदा आहे आणि पुष्कळांचे संसार त्यावर चालतात. परंतु ज्याच्या गाठीला भाडे नाही, किंवा भाडे असूनही ज्याला कोणी दारात उभे करीत नाही, त्याने रात्र कोठे काढावी? बाबांनी आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे या एका प्रश्नासाठी वेचली.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. डेबूने मामांची गुरे राखली, नांगर धरला, पण सावकारी कर्जाने मामांची जमीन गिळली. दारू आणि कर्ज ही दोन्ही दुःखे त्यांनी घरातच पाहिली होती. पुढे कीर्तनातून त्यांनी त्याच दोहोंवर कोरडे ओढले. कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण करावयाचे, ते त्यांनी केले नाही. गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, परंतु ते बधले नाहीत.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि एक मडके. त्या मडक्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की प्रथम रस्ते झाडायचे, गटारे उपसायची, मिळेल ती भाकरी काम करून मगच खायची आणि रात्री कीर्तन करायचे. पाया पडू देत नसत. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून त्यांनी तेथे घाट बांधला. आपण बायका घरात रोज झाडतो, पण त्या कामाला कोणी काम म्हणत नाही. बाबांनी मात्र त्याच कामाला देवपूजेचा मान दिला, म्हणून मला ते आपले वाटतात.

फिरता फिरता ते पंढरपूरला येत. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे जमत. ज्याच्या त्याच्या जातीचे, फडाचे, ओळखीचे मठ आणि वाडे असत. पण अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या वारकऱ्यांना कोठेच थारा नव्हता. पायी चालून आलेली ती माणसे, त्यांत लेकुरवाळ्या बायाही, पावसापाण्यात उघड्यावर पडून राहत. विठोबाची भेट तर त्यांना नव्हतीच, पाठ टेकायलाही जागा नव्हती. बाबांनी लोकांपुढे झोळी पसरली आणि 1917 साली त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. पंढरीचे देऊळ सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. देवाचे दार उघडण्याआधी तीस वर्षे बाबांनी माणसांसाठी दार उघडण्याचे मनावर घेतले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ झाली, ती आजाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. इस्पितळात आजाऱ्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बाईने कोठे निजावे, कोठे चूल मांडावी, हा विचार बाबांना सुचला. याची किंमत मला स्वतःला कळलेली आहे, म्हणून चार ओळी माझ्या लिहिते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मामंजींना मुंबईस न्यावे लागले. आम्ही एका लॉजवर गेलो. आधी खोली आहे असे सांगितले. मामंजींचा खोकला ऐकला, माझ्या हातातील एक्स-रेची पिशवी पाहिली, आणि खोली नाहीशी झाली. पैसे पदरात असून ती रात्र आम्ही इस्पितळाबाहेर फूटपाथवर काढली. दुसरे दिवशी परभणीकडच्या एका बाईने बाबांच्या नावाच्या धर्मशाळेचा पत्ता दिला. तेथे आजार कोणता एवढे विचारले, पण दूर सारण्यासाठी नव्हे. जागा मिळाली, पाणी मिळाले. पहाटे खराट्याच्या आवाजाने जाग आली तेव्हा मला रडू आले. कारण त्याआधी गावाकडचे कोणी दवाखान्यासाठी आमच्या दोन खोल्यांत उतरले, की माझ्याच कपाळाला आठी पडत असे. लॉजवाल्याला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार?

असो. धर्मशाळा बांधणे अवघड आहेच, पण ती नीट चालवणे त्याहून अवघड. आपल्याकडे दान देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि मागाहून त्याचे नातेवाईक तेथे बिऱ्हाड थाटतात. बाबांनी हे होऊ दिले नाही. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या, पण पैसा स्वतःजवळ ठेवला नाही, विश्वस्तांकडे दिला. आपल्या घरच्यांचा त्यांवर हक्क चालू दिला नाही. कुंताबाई अखेरपर्यंत साधेपणाने झोपडीत राहिल्या. नवऱ्याने शेकडो लोकांना छप्पर दिले आणि बायको झोपडीत, हे वाचून माझ्या मनाला लागले. त्या माउलीचे नाव कोणी फारसे घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेते. एकुलता मुलगा गोविंद 1923 साली गेला. ती बातमी कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना आली, तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. आईचे काय झाले असेल, ते आपण बायकांनीच समजून घ्यावे.

1949 साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याच सोसायटीने 1950 साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनावरून जाताना मला म्हणूनच पंढरपूरची ती धर्मशाळा आठवते. ज्यांना कोठेच उतरू देत नसत, त्यांच्या मुलांनी शिकावे, अशी तळमळ दोन्ही महापुरुषांना होती.

1952 साली या सर्व संस्था पुढे चालाव्यात म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबा मात्र शेवटपर्यंत फिरतच राहिले. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले, आणि दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच बाबांचा प्राण गेला. इतक्या धर्मशाळा बांधणाऱ्याला शेवटी स्वतःचे असे अंथरूणही नव्हते.

भगिनींनो, चरित्र वाचून हात जोडले म्हणजे झाले असे नव्हे. आपण धर्मशाळा बांधू शकणार नाही. पण मंडळाच्या कपाटात पातेली, ताटे, तांब्ये आहेत, ती हळदीकुंकवापुरती निघतात आणि वर्षभर पडून असतात. आपल्या शहरातही खेड्यापाड्यांतून आजारी माणसे येतात आणि त्यांच्यासोबतच्या बाया इस्पितळाच्या आवारात तीन विटांवर भात शिजवतात. ती भांडी त्यांना वापरायला द्यावीत, वहीत नाव लिहून घ्यावे आणि परत आली की घासून ठेवावीत. घासण्याचे काम मी पत्करते. येत्या 20 डिसेंबरपासून आरंभ करावा, अशी माझी अध्यक्षबाईंना आणि तुम्हां सर्वांना विनंती आहे.