शंकर बाळकृष्ण दीक्षित : मराठीतून आकाश दाखवणारे शिक्षक

दिवाळीच्या अमावस्येच्या सुमारास, रात्र पडत असताना, पारनेर किंवा पाथर्डीकडच्या एखाद्या उघड्या माळावरून पूर्वेकडे पाहिले, तर कृत्तिकांचा पुंजका क्षितिजावर येताना दिसतो. दिशा नीट ठाऊक असेल तर ध्यानात येते, की तो ठीक पूर्वबिंदूवर उगवत नाही. तेथून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. या अंतरात किती काळ साठला आहे, हे ज्यांनी मोजले, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात ज्योतिर्विदाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडेल. दीक्षितांनी आपले मुख्य लेखन मराठीत केले, हे त्याचे उत्तर.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले आणि रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे येथे त्यांची नोकरी झाली. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १८९२ साली त्यांचा ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हा ग्रंथ निघाला. घटका म्हणजे २४ मिनिटे; तेव्हा वाचकाकडून त्यांनी मागितला तो पाऊण तासाहून किंचित अधिक वेळ. शास्त्रीय ग्रंथाच्या नावात ‘मौज’ हा घरगुती शब्द बसवणे मला आजही धीटपणाचे वाटते.

त्यांचा मोठा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागवला, त्या निमित्ताने शाळेचे काम सांभाळून त्यांनी तो लिहिला. छापून निघाला १८९६ साली. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला. शिलालेखांतील तिथींचा काळ ठरवताना त्याची कोष्टके कामी येतात.

आता कृत्तिकांकडे वळू. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, अशा आशयाचा उल्लेख आहे. दीक्षितांनी तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे विधान मानला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा मंदपणे डुलतो, त्यामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. कृत्तिका विषुववृत्तावर असतील तेव्हाच त्या नेमक्या पूर्वेस उगवतील. ती स्थिती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे होती, असे त्यांचे गणित सांगते. गणित बिनचूक आहे. वाद आहे तो अर्थाचा. मूळ वाक्यातील पूर्व म्हणजे नेमका पूर्वबिंदू, की ढोबळ पूर्व दिशा? दुसरा अर्थ घेणारे विद्वान हा काळ मान्य करीत नाहीत. एका शब्दाच्या अर्थावर शतकांचा हिशेब अवलंबून राहतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच अयनचलनामुळे पंचांग ऋतूंना धरून असावे, म्हणजे सायन असावे, असा दीक्षितांचा आग्रह होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक हे त्यांचे या कामातील सहकारी. लोकांनी मात्र निरयन पंचांग सोडले नाही. आपल्या घरी भिंतीवर असते तेही निरयनच.

१८९८ साली, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी दीक्षित निवर्तले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ पुढे हिंदीत गेले, इंग्रजीतही गेले. इंग्रजी भाषांतर भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केले, पण दीक्षितांच्या मृत्यूला तोवर सत्तर वर्षे उलटून गेली होती.