वैद्यांच्या घराण्यातला नादशास्त्री

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेव राज्याचा हिशेब सांभाळत होता. पदाचे नाव होते श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत मुख्य लेखाधिकारी. जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही तो प्रमाण मानतात. मराठवाड्याच्या मातीत लिहिलेल्या या ग्रंथात वैद्यकालाही मोठी जागा आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. वडील सोढल यांनी यादवांच्या पदरी नोकरी केली आणि राजा सिंघणाच्या काळात घराण्याला मान मिळाला. वैद्यकाचे ज्ञान घरातच होते. शार्ङ्गदेवाने सरकारी काम, औषधोपचार आणि संगीत ही तिन्ही अंगे सांभाळली. स्वतःला तो ‘निःशंक’ म्हणवून घेत असे.

त्याच्या ग्रंथाचे सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. पहिल्याच अध्यायात, स्वरांची चर्चा सुरू होण्याआधी, मानवी शरीराचे वर्णन येते. गर्भ कसा तयार होतो, महिन्यामहिन्याला कसा वाढतो, दोष आणि धातू कोणते, हे तो आयुर्वेदाच्या आधारे सांगतो. गाणे शरीरातून निघते, म्हणून आधी शरीर समजून घ्यावे, हा त्याचा क्रम होता.

आवाजाची उत्पत्ती त्याने अशी मांडली: बोलण्याची इच्छा मनाला हलवते, मन शरीरातल्या अग्नीला चेतवते, अग्नी वायूला ढकलतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या मार्गाने वर येऊन नाद होतो. आज आपण म्हणतो की मेंदूची आज्ञा येते, फुप्फुसांतली हवा वर ढकलली जाते आणि स्वरयंत्रातल्या पडद्यांची कंपने होतात. पुरुषांत सेकंदाला साधारण शंभरच्या वर, स्त्रियांत दोनशेच्या आसपास. दोन्हींचा क्रम एकमेकांच्या बराच जवळ आहे. मात्र हृदय, कंठ आणि मस्तक या प्रत्येक ठिकाणी बावीस नाड्या असून त्यांतून बावीस श्रुती उमटतात, हे त्याचे म्हणणे शरीरशास्त्रात टिकले नाही. शवविच्छेदनात अशा नाड्या सापडत नाहीत. पण श्रुती कानाने पडताळण्यासाठी त्याने प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला: एक वीणा स्थिर ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवायच्या आणि फरक ऐकायचा. तुलनेसाठी एक गोष्ट न बदलता ठेवायची, ही शिस्त आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेला शोभेल.

सहाव्या, वाद्याध्यायात चामड्याच्या वाद्यांची लांबीरुंदी, तोंडाचा व्यास, कातडे आणि खोडाचे साहित्य यांची नोंद आहे. पटहासाठी खैराचे लाकूड, भेरीसाठी तांबे, तर निःसाण या रणवाद्यासाठी कासे, तांबे किंवा लोखंड. हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने केलेल्या या नोंदींमागे एक प्रश्न उभा राहतो: वाजते ते कातडे, मग भांड्याच्या धातूने काय फरक पडतो?

नांदेड-लातूरकडे गोंधळातला संबळ, मिरवणुकीतला ताशा किंवा तबल्याचा डग्गा घेणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. स्वराची उंची मुख्यतः कातड्याचा ताण, वजन, व्यास आणि आत कोंडलेली हवा यांवर ठरते. भांड्याचे पहिले काम काठ घट्ट धरून ठेवण्याचे. भांडे पातळ आणि हलके असेल तर तेही कातड्याबरोबर थरथरते, ठोक्याची शक्ती त्यात जिरते आणि आवाज लवकर बसतो. जड आणि ताठ भांडे ही शक्ती कमी खाते, म्हणून नाद टिकतो.

दुसरा भाग धातूच्या स्वतःच्या झंकाराचा. काशाच्या वाटीला टिचकी मारली की ती बराच वेळ घुमते, कारण कास्यात कंपने आतल्या आत फारशी विरत नाहीत. लाकडात ती झटकन विरतात. तांबे मऊ, ठोकून खोलगट करायला सोपे, आणि त्याचा झंकार काशापेक्षा दबका. लोखंड तांब्याच्या दीडपटीहून अधिक ताठ, पण गंजणारे. या तिन्हींची घनता मात्र जवळपास सारखीच, घनसेंटिमीटरला आठ ते नऊ ग्रॅम. ॲल्युमिनियमची अवघी २.७. म्हणून त्याच जाडीचे ॲल्युमिनियमचे भांडे हातात हलके लागते आणि ठोक्याला लवकर हलते. तरीही कातडे बदलल्याने किंवा ताण बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा धातू बदलल्याने सहसा पडत नाही. पत्र्याची जाडी आणि काठाची घडणही धातूइतकीच महत्त्वाची. केवळ तांब्याचे म्हणून दुप्पट पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्यावे.

धातूचे भांडे आणि ताणलेले कातडे यांचा आवाज रणांगणावर दूर जावा म्हणून घडवलेला होता. तोच आवाज आज गल्लीत, कानापासून हातभर अंतरावर वाजतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कान सहसा सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजणे किंवा दडे बसणे ही पहिली खूण. ताशा वाजवणाऱ्या मुलांनी कानात बोळे घालावेत, मधूनमधून विश्रांती घ्यावी, आणि खूण दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

शार्ङ्गदेवाच्या पश्चात यादवांचे राज्य बुडाले, पण ग्रंथ हस्तलिखितांतून दक्षिणभर फिरला. सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये तो छापला. त्या ग्रंथात शरीर पहिल्या अध्यायात येते आणि ढोल सहाव्यात. वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा.