कर्मवीर दादासाहेब गायकवाड

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या खेड्यात १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. समाजाने पुढे त्यांना कर्मवीर दादासाहेब म्हटले.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा लढ्याचा भार दादासाहेबांनी वाहिला. खेड्यापाड्यांतील माणसांना धीर देऊन त्यांनी लढा जागता ठेवला. त्या कसोटीला उतरल्यावरच १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत गेले. आधी सेवा, मग पद, असा त्यांचा क्रम होता.

१९५७ मध्ये नाशिककरांनी त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. पण दिल्लीच्या खुर्चीत ते अडकले नाहीत. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तर भूमिहीनांनी देशभरातील तुरुंग भरले. ज्याला जमीन नाही त्याला गावात मान नाही, हे दादासाहेबांनी ओळखले होते.

धर्मांतरितांच्या सवलतींसाठीही ते झगडले. महाराष्ट्राने त्या १९६० साली दिल्या, केंद्राने १९९० साली. ते पाहण्यास दादासाहेब नव्हते. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले.

बंधूंनो, निवडणुकीचे तिकीट मागण्यापूर्वी आपण भूमिहीनाच्या झोपडीत किती वेळा गेलो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःस विचारावे.